ओट्यावरून बोगद्यात

“बंद करून पुन्हा चालू करा की,” खरातसाहेब म्हणाले. “आमच्या ऑफिसातला कॉम्प्युटर तसाच ताळ्यावर येतो.”

धोंगडे सर पडद्यासमोर वाकून उभे होते. त्यांचा एक हात माझ्या खुर्चीच्या पाठीवर होता.

“तेच तर करता येत नाही, साहेब,” मी म्हणाले. “कासव आत्ता पाण्यात तरंगून आहे ते त्याचा अर्धा प्रोग्राम चालू आहे म्हणून. बंद केलं की ते पहिल्यापासून सुरू होणार. आणि पहिल्यापासून म्हणजे पोटातली टाकी भरून खाली जायचं. त्याला वाटणार, आपण अजून वरच आहोत.”

“मग जाऊ दे की खाली. काय होतंय?”

“खाली गाळ आहे,” दारातून आवाज आला. “आणि जुन्या कामाच्या सळया. तिथं बसलेली वस्तू परत उठत नाही.”

ते यासीनभाई मुजावर. धरणाचे पाणबुडे. त्यांनी कधीच काळा रबरी पोशाख कमरेपर्यंत चढवायला घेतला होता.

आम्ही होतो आंबेघळ धरणाच्या मनोऱ्यावर. धरणाच्या पाण्यात उभा असलेला एक उंच काँक्रीटचा मनोरा, त्याच्या डोक्यावर एक पत्र्याची खोली, खोलीत आमचं टेबल. खोलीच्या मधोमध जमिनीत चौकोनी तोंड होतं. तिथून सरळ खाली विहिरीसारखं पाणी, आणि त्या विहिरीच्या तळातून डोंगराच्या पोटात शिरणारा बोगदा. बोगद्याच्या पलीकडच्या टोकाला लोखंडी दरवाजा. तो उघडला की पाणी नदीत. बोगदा आतून कसा आहे ते बघायला दरवर्षी पाणबुडे उतरत. त्या वर्षी पहिल्यांदाच माणसाऐवजी आमचं यंत्र उतरलं होतं. त्याचा आकार परातीएवढा, पाठ गोल, म्हणून नाव कासव. दोन बाजूंना दोन पंखे, दोन्ही कुशींना एकेक कान. कान आवाज सोडायचा, भिंतीवर आपटून तो परत आला की भिंत किती लांब आहे ते कळायचं. मागे एक बारीक तार, आमच्या टेबलापर्यंत.

आणि ते कासव बोगद्यातल्या वळणाच्या पुढे जाऊन थांबलं होतं.

“तार धरून ओढा ना,” खरातसाहेब म्हणाले. ते धरणावरचे अभियंता. माणूस अतिशय भला, पण संध्याकाळी त्यांना पाणी सोडायचं होतं. खालच्या गावांचे नळ कोरडे पडले होते आणि सकाळपासून त्यांचा फोन वाजत होता.

“वळणावर काँक्रीटची धार आहे. तार तुटेल.” सर पहिल्यांदाच बोलले. “आणि ते आत असताना तुम्ही दरवाजा उघडलात, तर ते वाहत जाऊन दरवाज्याच्या खाचेत अडकेल. मग दरवाजा परत लागणार नाही.”

खरातसाहेबांचा चेहरा उतरला. दरवाजा लागला नाही, तर धरणातलं सगळं पाणी वाहून जाईल हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

“म्हणजे शेवटी आमच्यावरच आलं,” यासीनभाई म्हणाले आणि पोशाखाच्या बाहीत हात घातला. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. भाजी संपली, आणून देतो, अशा सुरात बोलले.

“थांबा हो भाई,” सर म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, अगदी हळू आवाजात म्हणाले, “वैजयंती. ओटा उघड.”

हे दोन शब्द त्यांच्या तोंडून निघणं म्हणजे काय होतं, ते सांगायला हवं.

धोंगडे सरांनी यंत्रांसाठी एक संगणकभाषा बनवली होती. तिचं नाव गोफ. यंत्राला एकाच वेळी अनेक कामं करायची असतात. कासवाचंच बघा: पाण्यातली खोली सांभाळ, भिंतींच्या मधोमध राहा, फोटो काढ. गोफमध्ये प्रत्येक कामाचा एक वेगळा पेड लिहायचा, आणि भाषा ते सगळे पेड विणून चालवायची. फार देखणी भाषा होती. पण तिच्यात काम करणं म्हणजे हाल होते. एक ओळ बदलायची तर प्रोग्राम थांबवा, सगळा नव्याने बांधा, यंत्रात भरा, पहिल्यापासून चालवा. आमटीत मीठ कमी पडलं म्हणून आमटी ओतून देऊन पुन्हा डाळ शिजत घालायची, असा प्रकार.

भाषा सरांची आणि तिच्यात काम करणाऱ्याला लागणारी साधनं माझी, अशी आमची वाटणी होती. मी चुका दाखवणारा संपादक केला, पायरी पायरीने प्रोग्राम चालवून बघायची सोय केली. आणि मग ओटा केला. ओटा म्हणजे पडद्यावरची एक साधी जागा. तिथे बसून चालू प्रोग्रामशी बोलायचं. काय चाललंय विचारायचं, तो सांगायचा. एक ओळ बदलून द्यायची, तो चालता चालता ती घ्यायचा. शब्द मराठी आणि अक्षरं इंग्रजी, मोबाईलवर लोक मेसेज लिहितात तशी. एखादा पेड चुकला तर तो मरायचा नाही, होता तिथेच, सगळे आकडे हातात धरून उभा राहायचा आणि वाट बघायचा.

सरांना हे पसंत नव्हतं. “प्रोग्राम विचार करून लिहायचा असतो,” ते म्हणायचे, “ओट्यावर बसून गप्पा मारत नव्हे.” धरणावर यायच्या आदल्या आठवड्यात त्यांनी मला कासवातून ओटा काढून टाकायला सांगितलं होतं. पाण्यात उतरल्यावर यंत्राशी काय बोलायचंय, आधीच सगळं शिकवून पाठवू, असं त्यांचं म्हणणं. मी भांडले. आमच्या प्रयोगशाळेच्या हौदात कासव सोडून, मुद्दाम चूक घालून, त्यांच्यासमोर ती चालत्या प्रोग्राममध्ये दुरुस्त करून दाखवली. ते म्हणाले, “ठेव. पण मी सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही.”

आणि आता ते सांगत होते.

मी ओटा उघडला. टाइप केलं: दिशेचा पेड, कुठे थांबलास?

उत्तर आलं: उजव्या भिंतीचं अंतर वापरताना. अंतर: नाही.

“नाही म्हणजे शून्य?” खरातसाहेबांनी विचारलं.

“शून्य म्हणजे भिंतीला चिकटलंय. नाही म्हणजे आवाज गेला आणि परत आलाच नाही.”

“कान गेला उजवा,” सर म्हणाले. “पाणी शिरलं असणार. आणि कान गेला तर काय करायचं ते मी पेडात लिहिलंच नाही.” ते कपाळ चोळायला लागले. “वैजयंती, तो कान सोडून दे. डाव्या भिंतीच्या आधाराने परत आणू.”

पटण्यासारखं होतं. पण माझ्या डोक्यात काहीतरी सुरू झालं होतं. हौदाशी बसून मी त्या कानांशी इतकं खेळले होते की ते बिघडले तर कसे बिघडतात ते मला माहीत होतं. बिघडलेला कान वेडेवाकडे आकडे सांगतो. हा कान शांतपणे ‘नाही’ म्हणत होता.

“सर, एक मिनिट. विचारू की त्यालाच.”

“कोणाला?”

“कानाला. कासवाला जागच्या जागी उलट फिरवते. तोंड परतीच्या बाजूला. मग उजवा कान डाव्या भिंतीसमोर येईल. खरंच बिघडला असेल, तर तिथेही ‘नाही’च म्हणेल.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. पाण्यात अडकलेल्या यंत्राला, न लिहिलेल्या प्रोग्रामने, नुसत्या ओट्यावरून फिरवायचं! त्यांच्या सगळ्या तत्त्वांच्या विरुद्ध होतं ते.

“हळू फिरव,” ते म्हणाले.

एक पंखा पुढे, एक मागे, अगदी कमी जोरात. होकायंत्राचा आकडा पडद्यावर सरकायला लागला. यासीनभाई तार हातात धरून चौकोनी तोंडापाशी बसले होते. “फिरतंय,” ते म्हणाले. “तारेला पीळ पडतोय, बारीकसा.” कासव उलट झालं. मी पंखे थांबवले आणि विचारलं: उजवा कान?

त्याने चोख आकडा दिला. भिंत तिथेच होती, हाताच्या अंतरावर.

डावा कान?

नाही.

मी खुर्चीतून उठलेच. “सर! कान दोन्ही चांगले आहेत! भिंतच नाहीये!”

“भिंत नाही म्हणजे?” खरातसाहेब एवढ्या जोरात ओरडले की पत्रे घुमले. “बोगद्याला भिंत नाही म्हणजे काय, मॅडम?”

“बघू या ना!”

कॅमेरा तोंडाशी होता. पाव फेरी मारून कासवाचं तोंड त्या बाजूला केलं आणि दिवा लावून एक फोटो मागितला. बारीक तारेतून फोटो एकेक ओळ करत उतरायचा, वरून खाली. आधी हिरवट पाणी आलं. मग काँक्रीटची फुटकी कड. मग त्या कडेतून लोंबणाऱ्या वाकड्या सळया. त्याच्या खाली नुसता काळोख. दिव्याचा उजेड आत शिरत होता आणि कशालाच लागत नव्हता.

खरातसाहेब हळूच स्टुलावर बसले.

“काँक्रीटचं अस्तर गेलंय,” ते म्हणाले. “मागचा खडकही पोखरलाय. आणि आज संध्याकाळी मी यातून पूर्ण जोरात पाणी सोडणार होतो.” त्यांनी वायरलेस उचलला. आवाज आता अगदी वेगळा होता, ताठ. “कंट्रोल, ऐका. मुख्य दरवाजा उघडायचा नाही. कोणाचाही फोन येऊ दे, उघडायचा नाही. बोगदा सोडून डाव्या बाजूच्या धाकट्या दरवाज्यातून पाणी सोडायची तयारी करा. कमी जाईल, पण जाईल.”

मी खूश होऊन सरांकडे वळले, तर ते पडद्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवत होते. कासवाची बॅटरी. दिवा आणि फोटो यांनी ती झपाट्याने खाल्ली होती. लवकर निघालं नाही, तर ते तिथेच गाळात बसणार होतं. आणि यासीनभाईंनी गळ्यापर्यंत चेन ओढली होती.

“भाई, आता तर तुम्ही अजिबात जायचं नाही,” मी म्हणाले. “त्या सळया बघितल्यात ना?”

“सळया पाण्यात दिसतात कुठं, मॅडम? हाताला लागतात,” ते म्हणाले. “तुम्ही आणताय का मी जाऊ, तेवढं सांगा.”

“आणतोय,” सर म्हणाले. त्यांनी दुसरं स्टूल ओढलं, माझ्या शेजारी बसले आणि कीबोर्ड स्वतःकडे घेतला. धोंगडे सर, ओट्यावर!

मी कासवाचं तोंड पुन्हा परतीच्या वाटेकडे केलं. पण हाताने चालवत परत आणणं शक्य नव्हतं. वळणावर कासव जरा जरी कलंडलं, तरी मला कळून मी काही करेपर्यंत ते भिंतीवर आपटलं असतं. दिशेच्या पेडाला नवी अक्कल द्यायला हवी होती: दोन्ही भिंती असतील तर मधोमध चाल, एक नसेल तर दुसरीच्या आधाराने चाल. सरांनी तेवढंच लिहिलं, आखूड, नेटकं, त्यांच्या पद्धतीचं. आणि बोट ‘पुढे चल’वर नेलं.

“सर, तालीम!”

“काय?”

“ओट्यावर तालीम आहे. मी मागच्याच महिन्यात घातली. आत्तापर्यंतचे सगळे आकडे ओट्याने जपून ठेवलेत. नवा पेड आधी त्यांच्यावर चालवून बघता येतो. पंखे हलत नाहीत, फक्त काय झालं असतं ते दिसतं.”

“बॅटरी बघ, वैजयंती.”

“सर, एका क्षणाचं काम आहे.”

त्यांनी हात उचलला. मी तालीम चालवली. पडद्यावर एक ठिपका निघाला, फुटक्या जागेपाशी आला, आणि दिमाखात वळून सरळ त्या काळोख्या भगदाडात शिरला.

सर बघतच राहिले. “अरे!” ते म्हणाले. “अरे, तोंड फिरलंय त्याचं! डावं उजवं झालं, उजवं डावं झालं, आणि मी जुन्याच हिशोबाने लिहिलं, उजवी नसेल तर डावी धर!” आणि हा गंभीर माणूस मोठ्यांदा हसला. “याने सांगितलं बघ. करायच्या आधी सांगितलं!”

त्यांनी दोन शब्दांची अदलाबदल केली. पुन्हा तालीम. ठिपका भगदाड सोडून सुळकन पुढे निघून गेला.

“दे,” सर म्हणाले. “तू दे. ओटा तुझा आहे.”

मी टाइप केलं: पुढे चल.

थांबून राहिलेला पेड जागा झाला. कुठेही पहिल्यापासून सुरुवात नाही, टाकी भरणं नाही. खोलीचा आकडा जसाच्या तसा, आणि पंख्यांचे आकडे हलायला लागले. डावी भिंत नाही, उजवी आहे, चाललंय. डावी नाही, उजवी आहे. मग एकाएकी डावा आकडा उमटला.

“भिंत आली!” मी ओरडले.

“तार सैल पडली,” यासीनभाई म्हणाले आणि भराभर तार आत ओढायला लागले. “वळण घेतंय. घेतलं. आलं, आलं, सरळ येतंय!” खरातसाहेबही गुडघ्यांवर बसून तार गोळा करायला लागले, साहेबाची इस्त्रीची पॅन्ट चिखलात. बॅटरीचा आकडा तांबडा झाला आणि लुकलुकायला लागला. मी त्याच्याकडे बघणंच सोडून दिलं. चौकोनी तोंडातल्या काळ्या पाण्यात आधी एक फिकट उजेड दिसला, मग उजेडाच्या मागे गोल पाठ.

यासीनभाईंनी वाकून कासवाला दोन्ही हातांनी वर घेतलं. लहान पोराला आंघोळीतून काढावं तसं. आम्ही चौघंही एकदम बोलत होतो आणि कोणीच कोणाचं ऐकत नव्हतं.

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते, कारण मला त्या दुपारीच थांबायचं आहे. त्या संध्याकाळी गावांना पाणी गेलं, जरा कमी, पण गेलं. उन्हाळ्यात बोगदा रिकामा करून नवं अस्तर घातलं. आणि गोफची पुढची आवृत्ती करायला बसलो तेव्हा सर म्हणाले, आधी ओट्यावर काय हवं ते ठरवू, भाषा त्याच्या मागून येईल. मी ज्या कामाला तोवर सरांच्या भाषेची हमाली समजत होते, ते माझं आयुष्यभराचं काम झालं.

पण त्या दुपारी आम्ही परत निघालोच नाही. खरातसाहेबांनी विचारलं, “भगदाड किती खोल आहे, तेवढं कळेल का हो?” मला वाटलं, सर नाही म्हणणार. ठरवलेल्यापेक्षा जास्त काही करायची त्यांना सवयच नव्हती. ते म्हणाले, “बॅटरी बदला. भगदाड मोजायचा पेड तिथे पोचल्यावरच लिहू.”

कासव पुन्हा उतरलं. या खेपेला खोलीचा नूरच वेगळा होता. खरातसाहेब विचारत होते, सर लिहीत होते, मी तालीम घेत होते, कासव करत होतं. यासीनभाई पोशाख उतरवून आमच्या मागे उभे होते. सर त्यांच्याकडे वळून म्हणाले, “भाई, बोगदा तुम्हाला माहीत आहे. तुम्हीच विचारा त्याला. मेसेज लिहिता ना मोबाईलवर? तसंच लिहायचं.”

यासीनभाई संकोचून खुर्चीवर बसले. एका बोटाने, अक्षर शोधत शोधत त्यांनी उजवीकडे वळायला सांगितलं. ओट्याने उत्तर दिलं: हा शब्द माहीत नाही.

“काय चुकलं?”

“उजवीकडेमध्ये एक इंग्रजी ‘ए’ राहिला,” मी म्हणाले.

“एवढ्यासाठी अडतं होय हे? माझ्या मुलीला तर असंच लिहितो मी. तिला कळतं.”

सरांनी आणि मी एकमेकांकडे पाहिलं. “बरोबर आहे त्यांचं,” सर म्हणाले. “आत्ता करता येईल?”

कासव बोगद्यात तरंगत उभं होतं आणि मी इकडे ओट्यालाच नवी गोष्ट शिकवायला बसले: शब्द ओळखीचा नसेल, तर त्याच्या जवळचा शोधून विचारायचं. थोड्याच ओळी होत्या. त्याही ओट्यावर बसूनच ओट्यात घातल्या, काही बंद न करता.

“आता लिहा, भाई. चुकवून लिहा.”

त्यांनी तस्संच लिहिलं. ओट्याने विचारलं: उजवीकडे म्हणायचं आहे का?

“हो म्हणू?”

“म्हणा की!”

त्यांनी हो लिहिलं. डोंगराच्या पोटात कासव उजवीकडे वळलं. त्यांनी फोटो मागितला, आणि ओळ ओळ करत ती जागा उतरायला लागली: फुटकी कड, सळया, काळोख, आणि त्याच्या शेजारी शाबूत राहिलेली, शेवाळलेली पट्टी. यासीनभाई पडद्याच्या अगदी जवळ गेले. इतकी वर्षं त्या पाण्यात ते उतरत होते. तिथे डोळ्यांसमोर धरलेला हातही दिसत नाही. त्यांनी तो बोगदा फक्त हातांनी पाहिला होता.

“वळण संपलं की इथं एक गोल पाइप लागायचा हाताला,” ते म्हणाले आणि पडद्यावरच्या शेवाळातल्या एका पाइपावर त्यांनी बोट ठेवलं. “हा. याच्या पलीकडं भिंत सपाट होती. तिला पाठ लावून मी दम खायचो. दर वर्षी. गेल्या वर्षीसुद्धा.”

पाइपाच्या पलीकडे भगदाड होतं.

खरातसाहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मग यासीनभाईंनी शर्टाला बोटं पुसली, कीबोर्ड जवळ ओढला आणि कोणाला काही न विचारता, एकेक अक्षर शोधत लिहिलं: पुढे चल.